काचेपलीकडचं खोरं

थुआन गाडी काढणार असला की मिएन सकाळपासून पाणी पीत नसे.

अर्धा कप कॉफी, तीही डब्यातलं गोड दूध घालून घट्ट केलेली, आणि गोळी गिळण्यापुरता एक घोट. एवढंच. नवऱ्याला वाटेत थांबायला आवडत नाही हे तिला लग्नानंतर वर्षभरात कळलं होतं. शरीराला त्याची सवय लावायला पुढची दोन वर्षं लागली. आता अठ्ठावीस वर्षं होत आली होती.

थुआन कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात तंत्रज्ञ होता तोवर हे फिरणं फक्त रविवारी असे. कारखान्याने जुन्या माणसांना पैसे देऊन घरी बसवलं, तेव्हापासून मंगळवार, गुरुवार आणि रविवार. बरोबर नऊ वाजता चंदेरी टोयोटा अंगणातून मागे निघायची. कधी पश्चिमेला स्कायलाइनच्या रस्त्याने लाल लाकडाच्या उंच झाडांतून समुद्रापर्यंत, कधी दक्षिणेला लसणाच्या शेतांकडे, कधी नुसतंच खोऱ्यातून, कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमधून. थुआनला या खोऱ्याचा कोपरा न् कोपरा पाठ होता. तो आला तेव्हा सॅन होजेच्या बाहेर पाच मिनिटांवर जर्दाळूच्या बागा होत्या.

"ही बाग होती," तो स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून दाखवायचा. "मग चिपचा कारखाना आला. मग कॉम्प्युटरवाले आले. आता फोनमधलं काहीतरी करतात."

मिएन मान वळवून बघेपर्यंत ते मागे गेलेलं असायचं.

तो वेगात चालवत नसे. घाटात तर मागच्या गाड्या कंटाळून पुढे निघून जायच्या. पण थांबायचा नाही. डोंगरावर जिथे जिथे दरीकडेची जागा रुंद करून 'देखावा पाहा' अशी पाटी लावलेली असायची, लोक उतरून फोटो काढत उभे असायचे, तिथे तो वेग किंचित कमी करायचा आणि म्हणायचा, "बघ, आज काय स्वच्छ दिसतंय." आणि पुढे. मिएन त्याला संत्र्याच्या सोललेल्या फोडी द्यायची, तो रस्त्यावरची नजर न काढता तोंडात टाकायचा. पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली आला की लगेच भरून घ्यायचा. त्या पंपावर जी पाच मिनिटं मिळायची त्यात मिएनने आपलं काय ते उरकायचं.

विहारातल्या बायका तिला म्हणायच्या, "तुझं नशीब बघ. आमचे म्हातारे रिटायर झाल्यापासून टीव्हीसमोरून हलत नाहीत. तुला दर दोन दिवसांनी डोंगर काय, समुद्र काय."

मिएन हसून म्हणायची, "हो ना."

दुसरं काय म्हणणार होती? लग्न होऊन ती मायदेशातल्या कान थोहून इथे आली, त्याला महिना झाला नव्हता. तेव्हा एकदा गाडी चालवता चालवता, समोर बघतच, थुआनने तिला सांगितलं होतं. तो एकोणीस वर्षांचा असताना, युद्धानंतर देश सोडून, चौतीस माणसं एका मासेमारीच्या होडीतून निघाली होती. तिसऱ्या दिवशी इंजिन बंद पडलं. मग अकरा दिवस ती होडी पाण्यावर नुसती उभी होती. सातव्या दिवशी त्याची आई गेली. एका मालवाहू जहाजाने उचललं तेव्हा एकोणीस जण उरले होते. एवढं सांगून त्याने डावीकडे वळायचा दिवा लावला आणि गाडी वळवली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्या दिवसापासून मिएनच्या तोंडाला कुलूप लागलं. असं सोसलेल्या माणसाला 'जरा थांबा हो, मला उतरून ती पिवळी फुलं जवळून बघायचीत' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्याच्या दुःखापुढे तिची कुठलीही तक्रार पोरकट वाटायची, आणि वाटली की तिची तिलाच लाज वाटायची. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. आवाज चढवायचा नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. त्याने तिला कधी काही नाकारलंच नव्हतं, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती.

एकेकाळी तिची स्वतःची गाडी होती. हिरवी, छोटी, जुनी. एकोणीस वर्षं ती त्या गाडीने मिलपिटसला कामाला जात होती. सूक्ष्मदर्शकाखाली धरून सर्किट बोर्डावरचे कथलाचे टाके तपासायचं काम. मग एका सिग्नलला कोणीतरी मागून ठोकलं, गाडी भंगारात गेली, आणि त्याच वर्षी कारखानाही उठून दुसऱ्या देशात गेला. थुआन म्हणाला, "दोन गाड्या कशाला? तुला जिथे जायचं तिथे मी नेतो की." आणि त्याने शब्द पाळला. बाजार, दातांचा डॉक्टर, विहार, शिंपीण, सगळीकडे तो नेऊन सोडायचा आणि बाहेर इंजिन चालू ठेवून बसायचा. आतून त्या इंजिनाची घरघर ऐकू येत असली की मिएनचं हातातल्या कशातच लक्ष लागत नसे. भाजी निवडताना, गुडघे टेकून उदबत्ती लावतानासुद्धा. लायसन्स तिने टपालाने नूतन करून घेतलं होतं. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्या वर्षी नव्या वर्षाच्या सणाला तिची धाकटी बहीण लोआन कान थोहून आली. सहा आठवड्यांसाठी. वडील गेले तेव्हा मिएन गावी गेली होती, त्यानंतर दोघी पंधरा वर्षांनी भेटत होत्या. लोआन कापडाचं दुकान चालवायची, नवरा वारला होता, मुलं मोठी होती. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. येताना तिने सुकी मासळी इतकी आणली होती की विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बॅग उघडली आणि हात टेकले.

थुआनला पाहुणी आल्याचा मनापासून आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी त्याने तिला खोरं दाखवायला काढलं.

"ते बघा गॅरेज," तो एका झाडांच्या गल्लीत म्हणाला. "कॉम्प्युटरवाल्यांचं सगळं इथून सुरू झालं."

"कुठंय?" लोआन मागच्या सीटवर फोन सावरत होती.

"गेलं मागे."

"मग थांबवा की, दाजी. फोटो घेते एक."

"लाकडाचं दार आहे नुसतं. तुमच्या दुकानाचं याच्यापेक्षा चांगलं असेल."

लोआन हसली. पुढे एका फोनवाल्या कंपनीची गोल इमारत आली, जी बघायला लोक दुसऱ्या देशांतून येतात. थुआनने तिला बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घातली, पण थांबला नाही. दुपारी स्कायलाइनवर, संध्याकाळी खाडीच्या कडेने, तेच. पहिल्या दिवशी लोआनला गंमत वाटली. दुसऱ्या फेरीत तिने चार वेळा 'दाजी, थांबा' म्हटलं. तिसऱ्या फेरीत समुद्रावर गेले, आणि समुद्रही गाडीतूनच बघितला. वाळू शंभर पावलांवर होती.

त्या रात्री जेवणानंतर थुआन बातम्या बघत असताना दोघी बहिणी स्वयंपाकघरात मोहरीचा पाला लोणच्यासाठी चिरत होत्या. लोआनने फोन पुढे केला.

"बघ. दोनशे अकरा फोटो. प्रत्येकात काच आहे, आणि काचेत माझं नाक."

मिएनला हसू आलं.

"हसतेस काय? मला सांग, तू या माणसाबरोबर फिरतेस की त्याच्या गाडीत राहतेस?"

"हळू बोल."

"मी पहिल्या दिवसापासून बघतेय. तू सकाळी पाणी पीत नाहीस. मला वाटलं काही व्रत आहे."

मिएनची सुरी थांबली. हे कोणाच्या लक्षात येईल असं तिला वाटलं नव्हतं. सिएटलला असणाऱ्या तिच्या मुलीच्याही कधी आलं नव्हतं.

"तुला माहीत नाही त्यांनी काय सोसलंय," ती म्हणाली.

"माहीत आहे. तूच पत्रात लिहिलं होतंस. आपल्या गल्लीतली तीन घरं समुद्रात गेली, ताई. आई मरेपर्यंत त्यांच्या नावाने उदबत्ती लावायची." लोआनने पाला पातेल्यात ढकलला. "पण त्या होडीत चौतीस माणसं होती ना? त्यात तू नव्हतीस. मग तू का तिच्यात बसून राहिलीयेस?"

 मिएनला बहिणीचा राग आला. इतका, की तिने पातेल्यात मीठ दुप्पट टाकलं आणि ते लोणचं शेवटी फेकून द्यावं लागलं.

फेब्रुवारीच्या शेवटी थंडीची लाट आली आणि एका सकाळी सॅन होजेच्या पूर्वेचा हॅमिल्टन डोंगर पांढरा झाला. माथ्यावरच्या वेधशाळेचे पांढरे घुमट बर्फात ओळखू येईनात. एवढा बर्फ दहा-बारा वर्षांतून एखाद्याच वेळी. लोआन अंगणात उभी राहून बघतच राहिली. तिने आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता, फ्रीजमधला सोडून.

"दाजी, मला तो हातात घ्यायचाय," ती म्हणाली. "पुन्हा काही मागणार नाही."

थुआनने डोंगराकडे बघितलं. "रस्ता जातो वरपर्यंत. जाऊन येऊ."

हा रस्ता थुआनचा सगळ्यात आवडता होता. शहराच्या पूर्वेच्या वस्तीतून वर निघाला की वेधशाळेपर्यंत तीनशेहून जास्त वळणं, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला सगळं खोरं पसरलेलं. नेहमी तिथे सायकलवाल्यांखेरीज कोणी नसायचं. त्या दिवशी मात्र सगळं शहर निघालं होतं. पहिल्या दहा मैलांत समोर रांग होती, पण सरकत होती. पुढून उतरणाऱ्या ट्रकांवर लोकांनी बर्फाचे ढीग भरून घेतले होते, घरी नेऊन अंगणात ओतायला. एकाने टपावर गाजराच्या नाकाचा बाहुला बसवला होता. लोआन काचेला चिकटून सगळं बघत होती.

मग एका वळणावर रांग थांबली.

मिनिट गेलं, दोन गेली. पुढे वीसएक गाड्या दिसत होत्या, त्यापुढे वळण. मागे बघितलं तर मागेही तेवढ्याच, आणि येतच होत्या. उजवीकडे कठड्याखाली दरी. रस्ता इतका अरुंद की एका दमात गाडी वळवणं शक्यच नव्हतं. समोरच्या गाडीतला माणूस उतरून पुढे चौकशी करून आला आणि सगळ्यांना ओरडून सांगू लागला की वर एक मोठा ट्रक घसरून आडवा झालाय, पोलीस येईपर्यंत काही हलणार नाही.

लोक इंजिनं बंद करून उतरू लागले. मुलं डोंगराच्या उताराला गेली. तिथे झाडांच्या सावलीत टाच बुडेल इतका बर्फ होता.

थुआनने दारांना कुलूप लावायचं बटण दाबलं. चारही दारं एकदम खटकन् बंद झाली.

"बसून राहा," तो म्हणाला. "आत्ता सुटेल."

"सुटेल तेव्हा सुटेल," लोआन म्हणाली. तिने आपल्या दाराची कळ वर ओढली आणि उतरली. काचेतून मिएनला दिसलं, बहीण वाकून दोन्ही हातांनी बर्फ उचलते आहे, हुंगते आहे, जीभ लावून बघते आहे. लोआनने हाताने खूण केली, ये. मिएनचा हात दाराकडे गेला. मग तिने नवऱ्याकडे बघितलं आणि हात परत मांडीवर ठेवला.

त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. बाहेर गोठवणारी थंडी होती.

"अहो, इंजिन बंद करायचं का? पेट्रोल जातंय."

"नाही."

मागच्या ट्रकमधला आडदांड मेक्सिकन माणूस खिडकीशी आला, बोटाने काचेवर टकटक केली, किल्ली फिरवायची खूण केली आणि बोटांनी 'दोन तास' असं दाखवलं. थुआनने त्याच्याकडे बघितलंच नाही. तो पेट्रोलच्या काट्याकडे बघत होता. पुटपुटत होता. मिएनने कान दिला तेव्हा कळलं, तो पुढच्या गाड्या मोजतोय. वळणापर्यंत एकवीस. पुन्हा पहिल्यापासून. एकवीस.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आपण रस्त्यावर आहोत. खाली जमीन आहे. चालत गेलं तरी घरी पोचू."

तिने ते धीर द्यायला म्हटलं होतं. त्याने मान वळवून तिच्याकडे असं बघितलं, जणू कोणीतरी त्याला सुटकेचा दरवाजा दाखवला होता.

एक तास असा गेला. काचांवर आतून वाफ धरली. तिला लघवीला लागली होती, ओठ सुकले होते, आणि शेजारी तो मोजत होता. इतक्या वर्षांत प्रथमच डोंगरात गाडी थांबली होती आणि तिला उतरता येत नव्हतं. तिला वाटलं, लोआन म्हणाली ते बरोबरच होतं. त्या रात्री तिला राग आला होता, तो तिला हे आधीच ठाऊक होतं म्हणून.

अचानक थुआनने दार उघडलं आणि तो उतरला. इंजिन चालू, दार उघडं. पातळ जाकीट आणि घरातले बूट. मिएनला वाटलं, झाडामागे चालला असेल. तो रांगेच्या कडेने उताराला लागला आणि वळणाआड दिसेनासा झाला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. लोआन हात चोळत गाडीत येऊन बसली. "दाजी कुठे गेले?"

"येतील."

तेवढ्यात खालून, रस्त्याच्या रिकाम्या बाजूने पोलिसांची गाडी आली. रस्ता बंद झाला होता. एकेक गाडी पुढच्या रुंद जागेवर नेऊन माघारी वळवायची होती. रांग हलली. समोरची गाडी पुढे गेली, मधे मोठी जागा पडली. मागून हॉर्न वाजला. मग दुसरा, तिसरा. तो मेक्सिकन माणूस पुन्हा आला, उघड्या दारातून वाकून म्हणाला, "बाई, तुम्हाला गाडी चालवता येते का? नाहीतर मी घेतो बाजूला."

"येते," मिएन म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते.

मधल्या भागावरून कशीबशी पाय टाकून ती त्याच्या जागेवर गेली. सीट इतकी मागे होती की पाय ब्रेकला टेकेना. तिने चाचपून खालची दांडी शोधली, सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. आरशात लोआन डोळे मिटून करुणादेवीचं नाव घेत होती.

"मोठ्याने घे," मिएन म्हणाली. "मलाही ऐकू दे."

रुंद जागेवर पोलीस हाताने बोलावत होता. पुढे, मागे, पुढे, मागे. एकदा मागचं चाक कठड्याच्या दगडाला लागलं आणि तिने करकचून ब्रेक दाबला. पण सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढा टाका एकोणीस वर्षं बघितलेली बाई ती, अंदाज तिच्या डोळ्यांत होता. पाचव्या हिसक्याला गाडी उताराकडे तोंड करून उभी राहिली.

मग ती उतरू लागली. काय करायचं ते हातांना ठाऊक होतं. प्रत्येक वळणावर ती रस्त्याच्या कडेला बघायची. कठड्यावर बसलेला एक म्हातारा दिसला, तो नव्हता. एक मैल, दीड मैल. जर तो कठडा ओलांडून खाली गेला असेल तर? तो विचार तिने मनात येऊच दिला नाही. एका क्षणी मात्र दुसराच विचार आला, की तो सापडलाच नाही तर ही गाडी मी कुठेही थांबवू शकेन. त्याची तिला इतकी भीती वाटली की तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

दोन मैलांवर तो दिसला. पाठमोरा, झपाझप चालत होता, हात छातीशी धरून. तिने गाडी त्याच्या शेजारी आणली, लोआनच्या बाजूची काच खाली केली.

"दाजी, बसा."

त्याने बघितलं नाही. चालतच राहिला. मिएन त्याच्या पावलांच्या वेगाने गाडी चालवू लागली.

"अहो, बसा. गारठून जाल."

"तू चल पुढे," तो म्हणाला. धाप लागली होती. "थांबू नकोस. मी येतो मागून."

मागे गाड्यांची रांग लागली होती. मिएनने गाडी थांबवली. नुसती हळू केली नाही, पूर्ण थांबवली, आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

तो दहा पावलं पुढे गेला. मग आवाज थांबल्याचं त्याला कळलं. वळला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून लोआनने तोंडावर हात ठेवला.

"बंद का केलीस?"

"तुम्ही बसल्याशिवाय चालू करणार नाही."

"मिएन, चालू कर ती."

"बसा."

मागून हॉर्न वाजत होते. त्याने एकदा उताराकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि येऊन तिच्या शेजारी बसला. सवयीने हात डाव्या खांद्यावरचा पट्टा शोधू लागला. तो तिथे नव्हता. मिएनने वाकून उजवीकडचा पट्टा ओढून त्याला बांधला. त्याचे हात बर्फासारखे होते. किल्ली फिरवली आणि इंजिन लागलं, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.  सपाट रस्त्याला लागल्यावर लोआन म्हणाली, "ताई, कुठेतरी थांब. तुझं पाणी प्यायचं राहिलंय." मिएन पंपावर थांबली.

त्यानंतर थुआनने किल्लीला हात लावला नाही. ती दाराशेजारच्या खिळ्यावर तशीच लटकत राहिली. मिएनला वाटलं होतं त्याला राग येईल, पण तसं काही झालं नाही. खिडकीशी बसायचा, समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघायचा. जेवण निम्मं टाकायचा. लोआनला विमानतळावर सोडायला मिएननेच गाडी काढली, तो मागे बसला.

निघताना लोआनने तिला घट्ट धरलं. "मी उगाच बोलले का गं?"

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

"मला वाटायचं, एकदा मी गाडी हातात घेतली की संपेल सगळं," मिएन म्हणाली.

मुलगी सिएटलहून फोनवर म्हणाली की बाबांना डॉक्टरकडे ने. डॉक्टर तरुण होता, त्यांचीच भाषा बोलणारा. त्याने अर्धा तास ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "त्यांना आवडतं ते सुरू ठेवा. हळूहळू."

मग मंगळवारी नऊ वाजता मिएनने गाडी काढली. थुआन शेजारी बसला. पहिल्या दिवशी ती खाडीपर्यंत जाऊन आली, गुरुवारी लसणाच्या शेतांपर्यंत. वाटेत 'देखावा पाहा'च्या पाट्या येत, ती वेग किंचित कमी करी आणि पुढे जाई. थांबवायचं असं ती घरून ठरवून निघायची. पण पाटी जवळ आली की शेजारी त्याचा पाय नसलेल्या ब्रेकवर ताठ व्हायचा आणि तिचा पायही. तिने संत्रं सोलायचं सोडलं होतं. आता तो सोलून तिला फोडी द्यायचा.

एप्रिलमध्ये डोंगर हिरवे झाले, रस्त्याच्या कडेला पिवळी मोहरी माजली. एका गुरुवारी स्कायलाइनवर, जिथून सगळं खोरं खाडीपर्यंत दिसतं त्या जागेवर, मिएनने गाडी आत घेतली आणि उभी केली.

"काय झालं?" थुआनने दोन्ही हात पुढच्या फळीवर टेकले. "बिघडलं काही?"

"नाही. मला बघायचंय."

"काचेतून दिसतंय की."

"बाहेरून बघायचंय. तुम्ही येता?"

त्याने दाराच्या कडीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "तू जा," तो म्हणाला. "इंजिन बंद करू नकोस."

"नाही करत."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

ती उतरली आणि कठड्यापाशी गेली. वारा चांगलाच होता. ओल्या गवताचा वास येत होता. खाली सगळं पसरलं होतं, छपरं, काचा, सरळ रस्ते, पलीकडे खाडीचं करडं पाणी आणि त्याही पलीकडे हॅमिल्टन, आता बर्फाशिवाय. मिलपिटसचा आपला कारखाना कुठे असेल ते ती शोधू लागली, पण इतक्या वरून सगळी छपरं सारखीच होती. शेजारी एक तरुण जोडपं एकमेकांचे फोटो काढत होतं. त्यातल्या मुलीने विचारलं, तुमचा काढू का, आणि मिएनने हसून नको अशी मान हलवली.

अठ्ठावीस वर्षं तिने इथे उभं राहायची वाट पाहिली होती. आणि आता ती उभी होती, तर तिचं अर्धं लक्ष मागे होतं. इंजिनाची घरघर तिला ऐकू येत होती, एकसारखी, आणि ती किंचित जरी अडखळली तर आपण धावत जाऊ हे तिला माहीत होतं. तिने घड्याळ बघितलं. चार मिनिटं झाली होती.

मागे काच खाली गेल्याचा आवाज आला.

"मिएन," थुआनने हाक मारली. आवाज घाबरलेला होता, पण त्याने तो सांभाळला होता. "झालं का?"

तिने वळून बघितलं. त्याने काच पूर्ण खाली घेतली होती आणि खिडकीच्या कडेवर हात ठेवला होता, बाहेर, वाऱ्यात.

"अजून सहा," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. आणि हळू आवाजात मोजायला लागला.